शब्दांचे सोवळे : महाराष्ट्रातील संबोधनांच्या वादाचा इतिहास

बीजसंज्ञा : संबोधन, शब्दशुचिता, हरिजन, दलित, गंगा भागीरथी, दिव्यांग, जातिवाचक वस्तीनामे.

प्रस्तावना

सुशिक्षित मराठी माणसाच्या बोलण्यात अलीकडे एक तक्रार वारंवार ऐकू येते. कोणता शब्द चालतो आणि कोणता चालत नाही, याची नको इतकी धास्ती घ्यावी लागते, अशी ती तक्रार आहे. लग्नपत्रिकेचा मसुदा असो, महाविद्यालयाच्या सूचनाफलकावरील नोटीस असो वा प्रश्नपत्रिकेतील एखादा उतारा असो. लिहिणारा क्षणभर थबकतो. कालपर्यंत सरळ वाटणारा शब्द आज कोणाला तरी लागतो आणि आज सुचवलेला शब्द उद्या टिकेल याची शाश्वती नसते. ‘आता काही बोलायचीच सोय उरली नाही’ या वाक्यात ही सगळी चिडचिड एकवटलेली असते. या प्रवृत्तीला इंग्रजीतून आलेले ‘पोलिटिकल करेक्टनेस’ हे नाव आहे. मराठीत तिला कोणी राजकीय औचित्य म्हणतात, तर थट्टेने बोलणारे ‘शब्दांचे सोवळे’ म्हणतात.

मूळ इंग्रजी संज्ञेचा इतिहास बोलका आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतील डाव्या विचारांची मंडळी आपल्यातीलच अतिकर्मठ सहकाऱ्यांची टिंगल करण्यासाठी ती वापरीत. १९९० नंतर तीच संज्ञा त्यांच्या विरोधकांच्या हाती आरोप म्हणून गेली. ४ मे १९९१ रोजी मिशिगन विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी या प्रवृत्तीवर जाहीर टीका केली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘इल्लिबरल एज्युकेशन’ या ग्रंथाने हा वाद विद्यापीठांच्या आवाराबाहेर नेला. त्याचे लेखक दिनेश डिसूझा हे मुंबईत जन्मलेले, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. म्हणजे ही संज्ञा रूढ झाली ती कोणा पुरस्कर्त्यामुळे नव्हे, तर टीकाकारांमुळे. ‘मी पोलिटिकली करेक्ट आहे’ असे अभिमानाने सांगणारा मनुष्य क्वचितच भेटतो.

मात्र संज्ञा आयात झाली म्हणून वादही आयात झाला, असे मानणे चुकीचे ठरेल. कोणी कोणाला काय म्हणावे, कोणत्या शब्दाने अभिवादन करावे आणि नावामागे कोणते उपपद लावावे, हा महाराष्ट्रातील अत्यंत जुना झगडा आहे. ‘अतिरेक झाला काय’ या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी त्या झगड्याचे काही टप्पे पाहणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात त्यांतील निवडक टप्प्यांचाच विचार केला आहे.

‘नमस्कारा’ची मनाई

शब्दांवर पहारा बसवण्याचे काम समतावाद्यांनी सुरू केले, हा समज इतिहासाला धरून नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईतील सोनार मंडळी स्वतःला दैवज्ञ ब्राह्मण म्हणवून घेऊ लागली. निऱ्यांचे धोतर नेसणे आणि परस्परांना ‘नमस्कार’ म्हणणे हे दोन्ही प्रघात त्यांनी उचलले. हे आपले खास अधिकार आहेत, अशी ब्राह्मणांची धारणा होती. पुणे दरबाराकडून तक्रार झाली आणि १७७९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारने सोनारांना ‘नमस्कार’ हे अभिवादन वापरण्यास मनाई करणारा हुकूम काढला. डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये या प्रकरणाचा दाखला दिला आहे.

या हुकुमाचे स्वरूप बारकाईने पाहावे. त्याने कोणाची शिवी थांबवली नाही. सभ्य शब्दच एका जातीला नाकारला. आज शब्दांवरील निर्बंधांना जे वैतागतात त्यांना अभिप्रेत असलेला मोकळा, नैसर्गिक भाषाव्यवहार कधी अस्तित्वात होता काय, अशी शंका या एका कागदाने उत्पन्न होते. निर्बंध होतेच. ते कोणावर होते, एवढाच फरक आहे.

गावगाड्यात यासाठी सरकारी हुकुमाची गरजच नव्हती. महाराने ‘जोहार’ घालावा, त्याला मात्र वयाचा विचार न करता अरे-तुरे करावे, त्याच्या नावाचे रूप मोडूनच हाक मारावी, हा तेथला शिष्टाचार होता आणि तो पाळण्यात कसूर झाली तर शिक्षा होई. पाटलाच्या दहा वर्षांच्या पोराने साठीच्या म्हाताऱ्याला एकेरी हाक मारणे हे भाषेचे स्वाभाविक वळण मानले गेले. त्या म्हाताऱ्याच्या नातवाने ‘अहो म्हणा’ असे सांगितले, तेव्हा तो आगाऊपणा ठरला. पुढे आंबेडकरी चळवळीने ‘जोहार’ टाकला आणि त्या जागी ‘जय भीम’ आला. नागपूर-कामठी भागातील कार्यकर्ते बाबू हरदास एल. एन. यांच्याकडे या अभिवादनाच्या प्रसाराचे श्रेय दिले जाते. हा बदल कोणत्याही विधिमंडळाने संमत केला नव्हता, कोणत्याही खात्याने त्याचे परिपत्रक काढले नव्हते. तरीही महाराष्ट्रातील संबोधनांच्या इतिहासात याच्याइतका टिकाऊ बदल दुसरा दाखवता येणार नाही.

‘हरिजन’ : दिलेले नाव

अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला काय म्हणावे, यावर गेल्या दीडशे वर्षांत जेवढे शब्द खर्ची पडले तेवढे अन्य कोणत्याही समाजाबाबत पडले नसतील. महात्मा फुले ‘शूद्रातिशूद्र’ म्हणत. गोपाळबाबा वलंगकरांनी आपल्या संस्थेच्या नावात ‘अनार्य’ शब्द योजला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ सुरू केले. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये स्थापन केलेल्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनचे मराठी नाव ‘भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी’ असे होते. डॉ. आंबेडकरांनी १९२४ मध्ये ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापन केली आणि १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ काढले. ‘निराश्रित’ आणि ‘बहिष्कृत’ या दोन शब्दांतील अंतर लक्षणीय आहे. पहिल्या शब्दात आश्रय नसल्याची करुणा आहे. दुसऱ्या शब्दात बहिष्कार घालणारा कोणीतरी आहे आणि त्याच्याकडे बोट आहे.

दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी, १९३१ मध्ये, डॉ. आंबेडकर आणि आर. श्रीनिवासन यांनी अल्पसंख्याक समितीला दिलेल्या पुरवणी निवेदनात ‘डिप्रेस्ड क्लासेस’ ही संज्ञा अवमानकारक असल्याने ती बदलावी, अशी मागणी केली. पर्याय म्हणून त्यांनी जातिबाह्य हिंदू, प्रोटेस्टंट हिंदू, नॉन-कन्फर्मिस्ट हिंदू अशी नावे सुचवली. ही नावे रुजली नाहीत. १९३५ च्या कायद्याने ‘शेड्यूल्ड कास्ट्स’, म्हणजे अनुसूचित जाती, ही कोरडी संज्ञा आणली. त्यात ना दया आहे ना गौरव. केवळ एका यादीत नाव असल्याची नोंद आहे. कदाचित म्हणूनच ती टिकली.

याच काळात ‘हरिजन’ हा शब्द पुढे आला. त्याबाबत गांधीजींवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा शब्द आपण घडवलेला नाही, असे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. ‘नवजीवन’मध्ये अस्पृश्य हा शब्द वापरल्याबद्दल काही अस्पृश्य वाचकांनीच तक्रार केली, गांधीजींनी त्यांच्याकडे चांगला पर्याय मागितला आणि गुजरातच्या आद्य संतकवीने वापरलेला हा शब्द एका वाचकाने सुचवला, असा त्यांचा खुलासा होता. म्हणजे विचारण्याची पायरी त्यांनी ओलांडली नव्हती. पण गुजरातेतील एका वाचकाने दिलेले उत्तर साऱ्या देशाचे उत्तर मानले गेले. १९३२ मध्ये हरिजन सेवक संघ निघाला, ११ फेब्रुवारी १९३३ रोजी पुण्याहून ‘हरिजन’ साप्ताहिक सुरू झाले आणि शब्द सर्वत्र पसरला.

त्याची खरी परीक्षा जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत झाली. बाळासाहेब खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने स्थानिक मंडळांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. त्यात अनुसूचित जातींसाठी ‘हरिजन’ हा शब्द योजला होता. स्वतंत्र मजूर पक्षाचे भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड यांनी त्यास हरकत घेतली. त्यांचा युक्तिवाद अगदी साधा होता. आम्ही देवाची माणसे असू, तर बाकीची माणसे कोणाची समजावीत? ती काय राक्षसाची? विनोदाच्या अंगाने केलेला हा प्रश्न वर्माला लागणारा होता. एका गटाला देवाचे विशेष नाव देणे म्हणजे त्याला पुन्हा वेगळे काढणेच होते. भिंत तीच, फक्त तिला चुना लावलेला. डॉ. आंबेडकरांची भूमिका याहून मूलभूत होती. ज्यांना ते नाव लावले जाणार त्यांचे मत या बाबतीत निर्णायक मानावे, असा तिचा आशय होता. शासनपक्षाचा हेतू वाईट नव्हता, खेरांनी तसे सांगितलेही. पण हेतूची ग्वाही देऊन बहुमताने नाव ठेवले गेले. दुरुस्ती फेटाळली गेल्यावर डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी सभात्याग करून बाहेर पडले.

शब्दांच्या वादासाठी सभात्याग करणे हा अतिरेक आहे, असे त्या दिवशीही अनेकांना वाटले असेल. रस्ता, पाणी, शाळा, नोकरी यांचे प्रश्न पडलेले असताना एका नावासाठी एवढे कशाला? आजही हाच प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर त्या सभागृहाच्या पुढील कामकाजात सापडते. अस्पृश्यांवरील सामाजिक निर्बंध दूर करणारा १९४६ चा मुंबई प्रांताचा कायदा आणि मंदिरप्रवेशाचा १९४७ चा कायदा, या दोन्हींच्या शीर्षकातच ‘हरिजन’ शब्द आहे. हक्क देणाऱ्या कायद्यानेही नको असलेले नाव कपाळी चिकटवले. ज्यांचे म्हणणे नावाच्या बाबतीत ऐकले गेले नाही, त्यांचे म्हणणे इतर बाबतींत ऐकले जाईल ही खात्री कशाच्या आधारे बाळगायची? गायकवाड यांचा प्रश्न शब्दाचा होता, तसाच तो प्रतिनिधित्वाचाही होता.

केंद्र सरकारने १९८२ मध्ये जातीच्या दाखल्यांवर ‘हरिजन’ शब्द न लिहिण्याच्या सूचना दिल्या. १९३८ पासून मोजल्यास ही चव्वेचाळीस वर्षे होतात.

याउलट संविधानाचा मार्ग पाहण्यासारखा आहे. संविधानसभेने सतरावा अनुच्छेद संमत केला तेव्हा त्यात सौम्य पर्याय शोधला नाही. ‘अस्पृश्यता’ हा शब्द अवतरणचिन्हांत ठेवून ती नष्ट केल्याचे जाहीर केले. कुरूप गोष्ट नष्ट करायची तर तिचे कुरूप नावच घ्यावे लागते. शब्दशुचितेचा आग्रह धरणाऱ्यांनी आणि त्याची टवाळी करणाऱ्यांनीही हे उदाहरण फारसे लक्षात घेतलेले दिसत नाही.

मायन्यातील स्त्री

जातीइतकाच संबोधनांचा काटेकोर हिशेब स्त्रियांच्या बाबतीत ठेवला गेला. जुन्या मराठी पत्राचा मायना हा एक प्रकारचा सामाजिक नकाशाच होता. राजमान्य राजश्री कोण, वेदशास्त्रसंपन्न कोण, तीर्थरूप आणि चिरंजीव कोण, हे मायन्यावरून कळे. पुरुषाच्या मायन्यात त्याची विद्या, हुद्दा किंवा नाते सांगितलेले असे. स्त्रीच्या मायन्यात तिचा नवरा जिवंत आहे की नाही, ही बातमी प्रथम येई. सौभाग्यवती वज्रचूडेमंडित, नाहीतर गंगा भागीरथी. अविवाहित मुलगी सौभाग्यकांक्षिणी, म्हणजे पुढे मिळायच्या अवस्थेच्या नावाने ओळखली जाणारी. लग्नपत्रिकांतून ‘सौ.’, ‘चि. सौ. कां.’ आणि ‘गं. भा.’ ही संक्षिप्त रूपे आजही पूर्णतः गेलेली नाहीत.

‘गंगा भागीरथी’ हा तत्त्वतः गौरवाचा शब्द आहे. पवित्र नदीची उपमा त्यात आहे. परंतु ज्या घरात या उपपदाने पत्र येई, त्याच घरात ती स्त्री केशवपन करून, आलवण नेसून माजघराच्या अंधारात बसलेली असे. मंगलकार्यात तिचे दर्शन अशुभ मानले जाई. बोलण्यात तिला ‘सोवळी’ म्हणत, रागावले की ‘बोडकी’. म्हणजे पत्रात पवित्र नदी आणि दारात अपशकुन. गोड शब्द आणि क्रूर वागणूक यांत विसंगती असतेच असे नाही. कित्येकदा गोड शब्दामुळे ती वागणूक खपून जाते.

एकोणिसाव्या शतकातील सुधारकांनी शब्दांपेक्षा व्यवहाराला हात घातला, तरी नावांची कुचंबणा त्यांनाही सुटली नाही. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्याच वर्षी त्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी काढली. १८९५ मध्ये तिचे नाव विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी असे झाले. उत्तेजन देणारी संस्था आता केवळ अडथळे दूर करणारी झाली. पुढे १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी जी संस्था काढली तिच्या नावात तर विधवा हा शब्दच नव्हता. ती ‘अनाथ बालिकाश्रम’ म्हणून ओळखली गेली. येथे शब्द सौम्य झाला आणि त्याच्या आडोशाने काम पुढे गेले, असे म्हणता येते. शब्द मवाळ करणे हे प्रत्येक वेळी भेकडपणाचे किंवा ढोंगाचे लक्षण नसते, हे कर्व्यांच्या उदाहरणावरून मान्य करावे लागते.

एकविसाव्या शतकात हाच प्रश्न दोन अगदी भिन्न रीतींनी पुढे आला. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड हे गाव आहे. ४ मे २०२२ रोजी तेथील ग्रामपंचायतीने पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवण्याचे आवाहन केले. या ठरावात स्त्रीला काय म्हणावे याची चर्चा नव्हती. तिच्या हाताला कोणी हात लावू नये, एवढेच म्हटले होते.

त्यानंतर वर्षभराच्या आत, एप्रिल २०२३ मध्ये, राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांकडून विधवा या शब्दाऐवजी ‘गंगा भागीरथी’ हा शब्द वापरण्याबाबत प्रस्ताव तयार करण्याची सूचना बाहेर आली. तिच्यावर सर्व बाजूंनी टीका झाली आणि असा कोणताही निर्णय झालेला नाही, असा खुलासा करण्यात आला. शब्दाचा इतिहास ठाऊक असणाऱ्यांना या सूचनेतील विपरीतपणा तत्काळ जाणवला. जे उपपद टाकून देण्यास मराठी स्त्रीला शंभर वर्षे लागली, तेच सन्मान म्हणून परत देऊ केले जात होते. लक्षात घेण्याची बाब अशी की, ही सूचना हाणून पाडणाऱ्यांत शब्दांबाबत जागरूक असणाऱ्या स्त्रियाच अग्रभागी होत्या. विधवा हा शब्द चालेल, गंगा भागीरथी नको, असे त्यांनी सांगितले. शब्दशुचितेचा आग्रह धरणारे प्रत्येक वेळी मऊ शब्दच मागतात, या समजुतीला येथे छेद जातो.

महारोगी, अपंग, दिव्यांग

व्याधी आणि व्यंग यांच्या शब्दांबाबत थोडक्यात पाहिले तरी पुरे. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याला ‘महारोगी सेवा समिती’ स्थापन केली. त्यानंतर बोलण्यातून महारोगी हा शब्द गेला, कुष्ठरोगी आला, पुढे कुष्ठरुग्ण आला. समितीच्या नावातील शब्द मात्र राहिला आणि तो कोणाला खटकत नाही. आनंदवनात जे घडले त्याने त्या शब्दाचा डंखच काढून घेतला. दुसरीकडे १८९८ चा लेपर्स अॅक्ट २०१६ पर्यंत कायद्याच्या पुस्तकात होता, आणि जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ च्या दुरुस्तीपर्यंत टिकले. शब्द सुधारून कित्येक दशके उलटल्यानंतरही कायद्यातील बहिष्कार शाबूत होता.

‘दिव्यांग’ या शब्दाचा प्रवास वरून खाली झाला. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात तो सुचवला आणि पुढच्याच वर्षी केंद्रीय विभागाच्या नावात तो दाखल झाला. अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या अनेक संघटनांनी त्याला आक्षेप घेतला. आमच्या अंगात दिव्य असे काही नाही, आम्हाला उतरंड आणि लिफ्ट हवी आहे, असा त्या आक्षेपाचा रोख होता. ‘हरिजन’ शब्दावर गायकवाडांनी घेतलेल्या हरकतीचीच ही पुनरावृत्ती म्हणावी लागेल. देवत्व पुन्हा एकदा न मागता बहाल झाले होते. प्रत्यक्षात महत्त्वाचा ठरला तो २०१६ चा कायदा. त्याने अपंगत्वाचे मान्यताप्राप्त प्रकार सातांवरून एकवीस केले आणि शासकीय नोकऱ्यांतील आरक्षण तीन टक्क्यांवरून चार टक्के केले.

शब्द काढून घेणे

येथवर दिलेल्या नावांची चर्चा झाली. घेतलेल्या नावांचा प्रश्न अधिक अवघड आहे. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. तिच्या जाहीरनाम्याने ‘दलित’ या शब्दात अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कष्टकरी, भूमिहीन आणि स्त्रिया या सर्वांना सामावून घेतले. दलित साहित्याने या शब्दाला जी प्रतिष्ठा मिळवून दिली ती कोणत्याही शासकीय परिभाषेला मिळालेली नाही. दडपला गेलेला असा त्याचा अर्थ आहे. म्हणजे ‘बहिष्कृत’प्रमाणेच दडपणाऱ्याकडे बोट दाखवणारा हा शब्द आहे.

जून २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर आलेल्या एका याचिकेच्या अनुषंगाने हा शब्द माध्यमांनी वापरू नये यासाठी सूचना देण्याचा विचार करावा, असे माहिती व प्रसारण मंत्रालयास सांगण्यात आले. ऑगस्ट २०१८ मध्ये मंत्रालयाने खासगी दूरचित्रवाणी वाहिन्यांना ‘दलित’ टाळून ‘अनुसूचित जाती’ म्हणण्याची सूचना केली. सरसकट बंदी मात्र प्रेस कौन्सिलला मान्य झाली नाही. पँथरच्या चळवळीतून आलेल्या नेत्यांनी विरोध केला. पण हेही खरे की शब्दाला आक्षेप घेणाऱ्यांत आंबेडकरी विचारांची मंडळी होती. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आम्ही बौद्ध आहोत, दलितपण आम्ही मागे टाकले, हे त्यांचे म्हणणे आहे. शासनाच्या कागदावरील ‘नवबौद्ध’ हा शब्द तर त्यांतील अनेकांना याहूनही अधिक खटकतो. दीक्षेला साठ-सत्तर वर्षे झाल्यावर ‘नव’ कोणाला म्हणायचे?

ज्याचे नाव त्याने ठरवावे, हा १९३८ चा निकष येथे अडखळतो. ज्यांचे नाव आहे त्यांच्यातच एकमत नसेल तर कोणाचे ऐकावे? या प्रश्नाला सोपे उत्तर नाही. मात्र एक भेद करता येतो. एखाद्या माणसाने ‘मला दलित म्हणू नका’ म्हणणे वेगळे आणि शासनाने सर्वांनाच तो शब्द उच्चारू नका म्हणणे वेगळे. पहिल्यात स्वतःच्या नावावरचा हक्क आहे; दुसऱ्यात दुसऱ्याचा हक्क काढून घेतला जातो. अतिरेक हा शब्द कोठे योजायचा असेल तर तो येथे योजावा.

पाटी आणि दप्तर

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने राज्यातील वस्त्यांची व रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, बौद्धवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळीगल्ली अशी नावे जाऊन समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे यावीत, असे ठरले. पत्त्यात ‘ढोरवस्ती’ लिहिताना ज्याचा हात थांबला असेल त्याला या निर्णयाचे मोल सांगण्याची गरज नाही. हा बदल योग्यच होता. तरी त्या यादीकडे पाहताना दोन गोष्टी खटकतात. ब्राह्मणवाडा आणि महारवाडा एकाच ओळीत बसवल्याने एक नाव मिरवण्याचे होते आणि दुसरे लपवण्याचे, हा फरक पुसला गेला. आणि ‘बौद्धवाडा’ हे नाव तर लोकांनी स्वतः घेतलेले होते. महारवाडा टाकून ते लावले गेले तेव्हा त्यात धर्मांतराचा सारा अभिमान होता. लादलेल्या नावांच्या गठ्ठ्यात तेही बांधले गेले. नव्या नावांपैकी काहींनी किती झाकले जाते, हाही प्रश्नच आहे. गावकुसाबाहेरच्या वस्तीला भीमनगर म्हटल्यावर तेथे कोण राहते हे गावाला वेगळे सांगावे लागत नाही.

त्याच वेळी ‘मागास’ या शब्दाचे उलटे झालेले दिसते. शब्दकोशात त्याचा अर्थ हिणकसच आहे. परंतु मराठा समाजाला सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास ठरवणारा २०१८ चा कायदा व्हावा म्हणून लाखोंचे मोर्चे निघाले. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो रद्द केला आणि २०२४ मध्ये नवा कायदा आला. या संपूर्ण काळात ‘मागास’ हा शब्द अवमानकारक आहे, तो बदला, अशी मोठी मागणी कोठे ऐकू आली नाही. शब्दाबरोबर काय पदरात पडते यावर त्याचा काटा टोचतो की नाही हे ठरते.

महाविद्यालयातील प्रवेशाच्या दिवसांत या सगळ्याचा एक वेगळाच पैलू समोर येतो. २००० च्या जात पडताळणी कायद्यानुसार जात वैधता प्रमाणपत्र मिळवायचे तर पुरावा लागतो, आणि अनुसूचित जातींसाठी तो १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा असणे अपेक्षित असते. समतानगर किंवा भीमनगर असा पत्ता अर्जावर लिहिणारा विद्यार्थी मग आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेत जातो. दाखल-खारीज नोंदवहीचे पिवळे पान शोधून त्याचा साक्षांकित उतारा घेतो. वस्तीच्या पाटीवरून जो शब्द उतरवला, तोच त्या उताऱ्यात स्पष्ट वाचता यावा लागतो. अक्षर पुसट असेल तर अर्ज परत येतो.